हात सहज सोडावेत

गोल्फ शिकविणारा गुरू स्कॉटलंडच्या समुद्रकाठचा असो, अमेरिकेतला असो, की मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या जुन्या क्लबातला असो, नवा शिष्य चेंडूपुढे उभा राहिला म्हणजे गुरुमुखातून बहुधा पहिली आज्ञा बाहेर पडते ती 'हात सहज सोडा' ही. आणि ज्याचे हात जन्मापासून त्या घटकेपर्यंत कोणाच्याही आज्ञेवाचून सहज सुटलेलेच होते, त्या बिचाऱ्याला आपणास हात आहेत, ते दोन आहेत, आणि ते सोडावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे याची आपणास सुतराम कल्पना नाही, या तिन्ही गोष्टींचा एकाच वेळी साक्षात्कार होतो. सहजपणा हुकमाने आणता येत नाही हे तत्त्व 'जरा हसा' म्हणणाऱ्या यच्चयावत छायाचित्रकारांनी पूर्वीच सिद्ध करून ठेवले आहे. परंतु छायाचित्रकाराचा हुकूम निदान चेहऱ्यापुरता असतो, गोल्फच्या गुरूचा अंमल टाळूपासून टाचेपर्यंत चालतो.

इतर खेळांत ही अडचण उद्भवत नाही. क्रिकेटच्या फलंदाजावर चेंडू चालून येत असतो. कबड्डीतल्या गड्यापुढे अख्खी फळी दबा धरून असते. आणि संकट समोर ठाकले म्हणजे हातांचे काय करावे हा प्रश्न हात आपापल्या अकलेने सोडवितात, मालकाला विचारीत बसत नाहीत. गोल्फचा चेंडू मात्र कोणी टाकीत नाही, कोणी अडवीत नाही, आणि तो पळूनही जात नाही. ४२.६७ मिलिमीटरहून लहान नाही आणि ४५.९३ ग्रॅमहून जड नाही अशी ती पांढरी गोळी हिरवळीवर नुसती पडून राहते आणि वाट पाहते. विचार करावयास या खेळात जेवढा अवकाश मिळतो तेवढा सरकारी नोकरीतही मिळत नसेल. आणि सुशिक्षित मनुष्याला अवकाश मिळाला की तो विचार करू लागतो, हीच या क्षेत्रातील सर्व अनर्थांची जननी होय.

विचार करावयाचा तो असा : पावले साधारणपणे खांद्यांइतकी अलग ठेवावीत, अंगाचा भार टाचांवर नसावा, बोटांवरही नसावा, चवड्यांवर असावा, गुडघे वाकवावेत, परंतु ते वाकले आहेत असा कोणाला संशय येऊ नये इतपतच, पुढे झुकणे कमरेतून नसावे, तिच्याखालच्या खुब्यांतून असावे, म्हणजे पाठ सरळ राहते आणि बैठकीचा भाग मागे निघतो, ही गोष्ट मर्यादशील माणसाने मनाला लावून घेऊ नये, हनुवटी छातीत रुतू नये, कारण पुढे तिच्याखालून डावा खांदा जावयाचा असतो, दांड्यावर उजवा पंजा डाव्याच्या खाली येतो, म्हणून उजवा खांदाही तेवढाच उतरू द्यावा, दोन्ही हात खांद्यांपासून सरळ खाली लोंबावेत, दांड्याचे टोक आणि मांडी यांच्यामध्ये मूठभर जागा राहावी, लांब दांड्याची ड्रायव्हर नावाची काठी हाती असल्यास थोडी अधिक, डावा बाहू सरळ असावा पण ताठ नसावा, उजवा किंचित दुमडलेला असावा पण लुळा नसावा, आणि ही सर्व कलमे एकसमयावच्छेदेकरून अमलात आणल्यानंतर सर्वांग सैल सोडून प्रसन्न चित्ताने चेंडूकडे पाहावे. या शेवटच्या कलमावर हसू येते ते वाचणाऱ्याला. उभे राहणाऱ्याला येत नाही.

तथापि या बारकाव्याला निव्वळ छळ म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. हात फार पुढे ताणले तर अंगाचा तोल बोटांवर जातो, आणि काठी वेगाने फिरू लागली म्हणजे ती हातांना आणखी बाहेर ओढीत असल्याकारणाने खेळाडू स्वतःच चेंडूवर कोसळू पाहतो. हात फार जवळ घेतले तर त्यांना पोटापुढून जावयास वाट राहत नाही, आणि मग कोपरे आपापल्या मार्गाने पसार होतात. शिवाय काठीचे तोंड आणि चेंडू यांची प्रत्यक्ष गाठ पडते ती सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती. एवढ्या अल्प मुलाखतीत चूक दुरुस्त करण्यास सवड नाही, तेव्हा जी काही दुरुस्ती करावयाची ती आधी, उभ्या उभ्याच, करून घेतली पाहिजे, हा गुरुजनांचा युक्तिवाद बिनतोड आहे. दुःख एवढेच की, मुलाखत जितकी अल्प तितकी तिची पूर्वतयारी दीर्घ होत जाते, आणि मागे खोळंबलेल्या चौघांचा जीव मेटाकुटीस येतो.

गोल्फ खेळणाऱ्याच्या हातांची चिंता प्रथम वाहिली ती गुरूंनी नव्हे, राजांनी. स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्सच्या कारकिर्दीत, १४५७ साली, तिथल्या पार्लमेंटने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांविरुद्ध फर्मान काढले, कारण ज्या प्रजेने धनुष्य ताणण्याचा सराव करावयाचा ती प्रजा काठीने चेंडू टोलवीत हिंडू लागली होती आणि सीमेपलीकडे इंग्रज बसला होता. पुढे १४७१ आणि १४९१ मध्ये बंदीचा पुनरुच्चार करावा लागला, यावरून पहिल्या फर्मानाची अंमलबजावणी कितपत झाली असेल ते कळते. यातला शेवटचा हुकूम ज्याच्या राज्यात निघाला त्या चौथ्या जेम्सच्याच खजिन्याच्या हिशेबात १५०२ साली गोल्फच्या काठ्यांपोटी खर्च पडल्याची नोंद आहे, आणि त्या काठ्या खरेदी झाल्या त्या पर्थ गावच्या धनुष्ये बनविणाऱ्या कारागिराकडून. राजाचे धोरण बदलले, कारागीर तोच राहिला; दप्तरी कामाचा ज्यांना अनुभव आहे त्यांना यात नवल वाटू नये.

आता, ज्या देहस्थितीवर एवढे ग्रंथ झाले तिच्याविषयी नियमांचे पुस्तक काय म्हणते हे पाहू जावे, तर तिथे जवळजवळ शुकशुकाट. एडिंबरोजवळच्या लीथ येथील मंडळींनी १७४४ साली पहिले लेखी नियम केले, ते अवघे तेरा, आणि कोपर हा शब्द त्यांतल्या एकातही नाही. मनुष्याने एका पायावर उभे राहून खेळले तरी कायद्याची हरकत नाही. २०१६ च्या जानेवारीपासून मात्र एक कलम दाखल झाले : काठी पोटाला, छातीला किंवा हनुवटीला टेकवून, अथवा बाहूचा पुढचा भाग अंगाला रुजवून तिथून काठीला झोका देता येणार नाही. हे लांब दांड्याने पुट करणाऱ्यांसाठी, म्हणजे चेंडू भोकाकडे हलकेच घरंगळविणाऱ्यांसाठी, होते. कापऱ्या हातांच्या लोकांनी स्वतःच्या पोटालाच जामीन म्हणून उभे केले होते, ती जामीनकी रद्द झाली. आणि २०१९ पासून, खेळाडू पवित्रा घेऊ लागला असता त्याच्या पाठीमागे रेषेत उभे राहून 'साहेब, जरा डावीकडे' असे सांगण्याची काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीला मनाई झाली. म्हणजे कसे उभे राहावे हे कायदा सांगत नाही, आणि जो सांगू शकतो त्यालाही सांगू देत नाही.

कायद्याने सोडलेली ही पोकळी ज्याने भरून काढली त्या पुरुषाचे नाव बेन होगन. या शास्त्राचा तो पाणिनी. १९४९ च्या फेब्रुवारीत टेक्सासमधल्या रस्त्यावर धुक्यात एक बस त्याच्या मोटारीवर आदळली, हाडे मोडली, पुन्हा चालता येईल की नाही अशी शंका वैद्यांना होती. आणि पुढल्याच वर्षी मेरियन येथे, पट्ट्यांनी आवळलेल्या पायांवर, त्याने अमेरिकेची ओपन स्पर्धा जिंकली. एवढे सोसलेल्या मनुष्याला 'जमेल तसे उभे राहा' असे सांगण्याचा पूर्ण अधिकार होता. त्याने तो वापरला नाही. १९५७ साली त्याचे 'फाइव्ह लेसन्स' प्रसिद्ध झाले, त्यात नुसते उभे कसे राहावे याला एक संपूर्ण धडा दिलेला आहे, आणि त्यातली चित्रे अँथनी रॅव्हिएली या, शरीररचनेची चित्रे काढण्यात मुरलेल्या, चित्रकाराने अशी काढली आहेत की, ती पाहताना आपण खेळाचे पुस्तक वाचीत आहोत की शवविच्छेदनाचे, असा क्षणभर भ्रम व्हावा.

होगनचे म्हणणे थोडक्यात असे, की दोन हात हे दोन नव्हेतच. दंडांचा वरचा भाग छातीच्या बाजूंना चिकटलेला असावा, कोपरे एकमेकांकडे शक्य तितकी ओढलेली असावीत, त्यांची टोके कमरेच्या हाडांवर रोखलेली असावीत, आणि कोपराच्या आतल्या बाजूस जो खळगा असतो तो आकाशाकडे पाहत असावा. रॅव्हिएलीच्या चित्रात तर दोन्ही हात मनगटापासून वरपर्यंत दोरखंडाने एकत्र जखडलेले दिसतात. आमच्याकडे मुसक्या बांधलेला मनुष्य चावडीवर नेत असत, हिरवळीवर नव्हे. परंतु होगनच्या मते मुक्तीचा मार्ग याच बंधनातून जातो. गुडघ्यांचेही तसेच. शर्यतीच्या मैदानावर प्रेक्षक एकाच पायाची, टोकदार, वरती लहानसे आसन असलेली काठी रोवून तिच्यावर टेकतात. तशा काठीवर दोन इंच खाली बसल्यासारखे व्हावे, असे तो सांगतो. दोन इंच, तीन नव्हेत.

आपले बाहू आपल्याच छातीला चिकटलेले आहेत की नाहीत हे एरवी कळत नाही, म्हणून त्यावरही तोडगा निघाला. एक लांब टॉवेल छातीवरून आडवा घेऊन त्याची दोन टोके दोन्ही काखांत धरावीत, आणि चेंडू मारून होईपर्यंत तो पडू देऊ नये. फिजीच्या विजय सिंगाचे हातमोजा डाव्या काखेत धरून तासन्‌तास सराव करणे प्रसिद्धच आहे. 'काखेत कळसा' हा जो आमच्याकडे विसरभोळेपणाचा दाखला मानला जातो, तो या मंडळींनी अभ्यासक्रमात घेतला.

पुण्याकडच्या एका सरावाच्या मैदानावर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक मुख्य अभियंता या टॉवेलाशी झुंजताना मी पाहिलेले आहेत. धरणाच्या भिंतीवर लाखो घनमीटर पाण्याचा दाब किती येईल हे ज्यांनी चुकू दिले नाही, त्यांना काखेतल्या अर्ध्या वार कापडावर तो किती द्यावा हे उमगत नव्हते. दाब वाढविला की खांदे कानांशी जाऊन भिडत. कमी केला की टॉवेल बुटांवर. नाकावरून घामाचा थेंब ओघळे, चष्मा घसरे, पण हात गुंतलेले असल्यामुळे तो वर सारण्याची सोय नव्हती, म्हणून ते नाक आकसून त्याला जागेवर धरीत. आणि नाक आकसले की, देहाच्या कोणत्या गुप्त नियमानुसार ते देव जाणे, गुडघे ताठ होत. शेजारी चेंडूंची बादली घेऊन कॅडी उभा होता. विसाव्याच्या वेळी साहेबांनी त्याला सॅम स्नीड या नामांकित खेळाडूची शिकवण समजावून दिली : काठी किती आवळून धरावी, तर मुठीत जिवंत पाखरू असावे तितकी, उडूनही जाऊ नये आणि चिरडूनही जाऊ नये. कॅडीने साहेबांच्या बोटांच्या पांढऱ्या पडलेल्या पेरांकडे पाहिले आणि तो अदबीने म्हणाला, "मग त्यो मघाशीच मेला की, सायेब."

साहेब चहाला गेल्यावर त्या गृहस्थाने इकडे तिकडे पाहून एक लोखंडी काठी उचलली, पवित्रा घेतला असे म्हणवणार नाही, येता येता थांबला इतकेच, आणि मारलेला चेंडू दूरच्या पाटीवरून निघून गेला. त्याचे कोपर आकाशाकडे होते की पाताळाकडे, हे पाहावयास मला वेळच मिळाला नाही. ही मंडळी दुसऱ्याच्या पिशव्या वाहता वाहता नुसत्या नजरेने शिकतात. कॅडी म्हणून सुरुवात केलेला दिल्लीचा अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकला, तो काही रॅव्हिएलीची चित्रे पाहून नव्हे.

आणि चित्रे पाहिलेल्यांचे तरी एकमत कुठे आहे? कॅनडाचा मो नॉर्मन, ज्याचा चेंडू दोरी धरल्यासारखा सरळ जाई, तो पाय भलतेच फाकून उभा राही, हात लोंबूच देत नसे, दांडा आणि बाहू एका रेषेत येतील असे ताठ पुढे करी, आणि काठी चेंडूच्या कितीतरी मागे टेकवी. म्हणजे वर दिलेल्या कलमांपैकी निम्म्याअधिकांचा उघड भंग. १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षे तो कॅनडाचा हौशी विजेता झाला. त्याला एकदाच सल्ला बाधला. १९५६ च्या मास्टर्स स्पर्धेत दस्तुरखुद्द स्नीडने त्याला लांब पल्ल्याच्या लोखंडी काठ्यांविषयी एक युक्ती सांगितली. नॉर्मन भाविकपणे तडक सरावाच्या मैदानावर गेला, शेकडो चेंडू मारले, हात सुजवून घेतला, आणि स्पर्धा अर्धवट टाकून घरी परतला. पाखरू वाचले असेल; पंजा कामास आला.

जिम फ्यूरिकचे हात मागे जाताना एका वाटेने जातात आणि येताना वळसा घेऊन भलत्याच वाटेने येतात. झाडावरून कोसळणाऱ्या अष्टपाद जलचराची उपमा डेव्हिड फेहर्टी या समालोचकाने त्याला दिली होती. अशा हातांनी त्याने २००३ ची अमेरिकन ओपन जिंकली आणि २०१६ साली एका फेरीत ५८ फटके मारून पीजीए टूरवरचा तोवरचा नीचांक केला. ब्रायसन डीशँबो तर पदार्थविज्ञान शिकलेला. तो आपल्या सर्व लोखंडी काठ्या एकाच लांबीच्या करून घेतो, हात लाकडी बाहुल्यासारखे ताठ ठेवतो, आणि २०२० व २०२४ अशा दोन अमेरिकन ओपन त्याच्या नावावर आहेत. उलट अठरा मोठ्या स्पर्धांचा विजेता जॅक निक्लॉस मोसमाच्या आरंभी आपल्या बालपणच्या गुरूकडे, जॅक ग्राउटकडे, जाऊन पहिल्या धड्यापासून उजळणी करी, आणि चेंडूमागे काठी जमिनीवर टेकवीतच नसे, किंचित अधांतरी धरी, म्हणजे हातांना ताण येत नाही असे म्हणे. एवढ्या परस्परविरोधी साक्षी ज्या खटल्यात पडल्या त्यात कोणताही न्यायाधीश आरोपीला संशयाचा फायदा देऊन सोडून देईल. गोल्फचे गुरू तेवढे सोडीत नाहीत.

एकाने सोडले होते. अर्नेस्ट जोन्स नावाचा इंग्रज व्यावसायिक खेळाडू १९१६ साली फ्रान्समधल्या रणांगणावर उजवा पाय गुडघ्याखाली गमावून परत आला, आणि थोड्याच महिन्यांत एका पायावर उभा राहून ८३ फटक्यांत फेरी पुरी करून मोकळा झाला. शरीराची ठेवण, भार, तोल यांवरची सर्व भाष्ये त्या एका फेरीने निकालात निघाली. पुढे अमेरिकेत त्याने आयुष्यभर एकच गोष्ट शिकविली : रुमालाच्या टोकाला खिशातला चाकू बांधावा आणि तो झुलवून पाहावा. चाकू झुलत असेल तर हात योग्य जागी आहेत. हिसका बसला की रुमाल सैल पडतो, चाकू भरकटतो, बाकी चौकशीचे कारण नाही. मला स्वतःला हा मनुष्य सर्वांत शहाणा वाटतो. त्याचा पंथ मात्र फारसा फोफावला नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. एका रुमालात आणि एका चाकूत जो विषय संपतो त्याचे दहा धडे कसे करावयाचे, आणि अकराव्यासाठी शिष्याने यावे कशाला?

नाशिककरांना याची काळजी नाही. तिथे शहराच्या ऐन मध्यावर एक विस्तीर्ण मैदान आहे, त्याला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव दिलेले असूनही रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' म्हटल्यावाचून तो पोहोचवीत नाही, आणि तिथे गोल्फ सोडून सर्व काही चालते. सकाळी तिथे फिरावयास येणाऱ्या शेकडो पेन्शनरांचे, गृहिणींचे आणि पोलीसभरतीच्या उमेदवारांचे हात खांद्यांपासून इतके निर्दोष लोंबत आणि झुलत असतात की, होगनने पाहिले असते तर डोळ्यांत पाणी आणले असते. त्यांतल्या कोणाच्याही पायाशी चेंडू नाही, हे त्यामागचे इंगित.

पायाशी चेंडू आला की काय होते, हे पृथ्वीपुरतेच खरे असते तर गोष्ट वेगळी. ६ फेब्रुवारी १९७१ रोजी अपोलो १४ चा नायक ॲलन शेपर्ड चंद्रावरून निघण्यापूर्वी, माती उकरण्याच्या अवजाराच्या दांड्याला सहा नंबरच्या लोखंडी काठीचे तोंड बसवून, दोन चेंडूंसह उभा राहिला. हवा भरलेल्या त्या जाडजूड पोशाखात गुडघे वाकत नव्हते, खुब्यांतून झुकता येत नव्हते, आणि दोन्ही हात तर समोर एकत्र येण्याचेच नाकारीत होते. सबब दोन हातांच्या यच्चयावत शास्त्राला रजा देऊन त्याने एकाच हाताने काठी फिरविली. पहिल्या खेपेस चेंडूपेक्षा धूळच अधिक उडाली. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश, वारा नाही, झाडे नाहीत, मागे खोळंबलेले कोणी नाही. शेवटचा चेंडू कैक मैल गेल्याची ग्वाही त्याने तिथल्या तिथे दिली, आणि पुढे २०२१ साली जुन्या छायाचित्रांवरून मोजणी झाली तेव्हा पहिला २४ यार्डांवर आणि दुसरा ४० यार्डांवर सापडला. परंतु त्याला मोजणीची वाट पाहावी लागली नाही. पहिली धूळ उडाली तेव्हाच जवळ उभा असलेला सहकारी मिचेल याने चेंडूपेक्षा माती जास्त लागल्याचे निदर्शनास आणले होते, आणि पुढचा एक फटका बसतो न बसतो तोच पावणेचार लाख किलोमीटरांहून अधिक अंतर ओलांडून ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षातून फ्रेड हेझचा आवाज आला की, ॲल, मला तर तो चेंडू वळल्यासारखा दिसला.